परस्पर दिलेले शब्द

बाई वाचल्या यात सगळ्यांत मोठा फायदा बाईंचाच झाला, हे मान्य. पण तो काही एकट्या बाईंच्या पदरात पडला नाही. सासूबाईंना भांडायला समोर हक्काचं माणूस राहिलं. धाकट्या भावाला बुद्धिबळात हरायला बहीण राहिली. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना, जिच्या नावाने शिक्षकांच्या खोलीत रोज कुरकुर करता येईल अशी गणिताची बाई राहिली. आणि बाईंच्या नवऱ्याला, म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला, काय मिळालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. माणूस आपला फायदा सांगत नाही तेव्हा तो बराच असणार, एवढं बाईंना कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत बाई आनंदाने इतक्या हलक्या झाल्या होत्या की त्यांना साधी वजाबाकी सुचत नव्हती.

झालं होतं असं. सातवीच्या वर्गात बाई फळ्यावर वर्तुळ काढत होत्या. कंपास न घेता, नुसत्या हाताने, एका दमात गोल गरगरीत वर्तुळ काढणं ही बाईंची ख्याती. नवी मुलं ते बघून तोंडं उघडी टाकत आणि जुनी मुलं ती उघडी तोंडं बघायला टपून बसत. त्या दिवशी वर्तुळ पाऊण झालं आणि बाईंना आपल्या छातीवरून कोणीतरी टेबल ओढत नेतंय असं वाटलं. पुढचं त्यांना आठवत नाही. मुलांना आठवतं. बाई खडू हातात धरूनच खाली बसल्या आणि म्हणाल्या, “कोणी जागा सोडायची नाही.”

दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाच्या एका नळीत स्टेंट बसवला आणि घरी सोडताना जिना, मीठ आणि राग यांच्यावर बंदी घातली. घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे जिना बंद म्हणजे घरच बंद. मग दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांच्या मधोमध, बाईंची खाट पडली. मिठाची बंदी बाईंपुरती होती, पण दोन स्वयंपाक करणार कोण, म्हणून सगळं घरच अळणी झालं. रागाचा प्रश्न आला नाही. बाईंना राग येईनासाच झाला होता, आणि घरच्यांना खरी काळजी त्याची वाटत होती.

बाईंची देवावर श्रद्धा पहिल्यापासून होती, पण ती मुख्याध्यापिकांवर असते तशी. वरच्या जागी कोणीतरी बसलेलं आहे, कामात आहे, उगाच दार वाजवून त्रास देऊ नये. बाईंनी देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं, कधी तक्रार केली नव्हती. दोघांचं बरं चाललं होतं. आता मात्र बाईंनी ताळतंत्र सोडलं. डोळे उघडले की आभार. पाण्याचा पेला आपल्या हाताने उचलता आला, आभार. मोजे घालायला वाकता आलं, आभार. बाईंनी उभ्या आयुष्यात कोणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. गणित निर्दोष असलं तरी अर्धा गुण अक्षरासाठी अडवून ठेवायच्या. देवाला त्यांनी एका सकाळी, दात घासता घासता, पैकीच्या पैकी देऊन टाकले. अक्षराचेसुद्धा.

“कोणाशी बोलतेस?” सासूबाईंनी विचारलं.

“देवाशी.”

“त्याला कामं असतात.”

“म्हणून थोडक्यात उरकतेय, आई. तोंडात फेस आहे.”

सासूबाईंनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, “ती नळी छातीतच बसवलीय ना रे? वर कुठे नाही ना सरकली?”

दुपारी खाटेवर पडून कंटाळा येई, म्हणून बाई दुकानात येऊन बसू लागल्या. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता ज्या भिंतीला होता, तिच्याजवळ चष्मेवाल्यांनी त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडली, पाठीला उशी दिली. तिथून गिऱ्हाइकाचं तोंड समोर दिसायचं. आणि समोर तोंड दिसलं की बाईंमधली बाई जागी व्हायची.

एक निवृत्त पोस्टमास्तर दर वर्षी डोळे तपासायला येत. ते बसले, एक डोळा झाकला आणि सगळ्यांत बारीक ओळ धडाधड म्हणून मोकळे झाले.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता तीच ओळ उलटी वाचा.”

पोस्टमास्तरांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं. चष्मेवाल्यांनी तक्त्याकडे बघितलं.

“पाठ केलंय यांनी,” बाई म्हणाल्या. “वाचत नाहीयेत. वाचणारा माणूस अडखळतो, पाठ केलेला कधी अडखळत नाही.”

“म्हणजे गेली कित्येक वर्षं,” चष्मेवाले हळूच म्हणाले, “मी यांच्या पाठांतराला चष्मा देत होतो.”

पोस्टमास्तरांना खरा नंबर निघाला. नवा चष्मा लावून ते दारात उभे राहिले आणि समोरच्या पाटीवरचं नाव वाचून म्हणाले, “अरे, ही न्हाव्याची आहे होय.” तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली, आणि चष्मेवाले पाणी आणायला धावले. धावताना ते गुणगुणत होते. चष्मेवाले गुणगुणतात हे लग्नाला इतकी वर्षं होऊन बाईंना ठाऊक नव्हतं. दुपारी त्या कधी घरीच नसत.

आणखी एक गिऱ्हाईक आलं, बेकरीवाला. बाईंना बघून तो चष्मा विसरला आणि सरळ उभा राहिला. “बाई, माझ्या मुलीने पुठ्ठ्याचा घन करून आणला होता, आठवतं? तुम्ही विचारलंत कोणी केला, ती म्हणाली बाबांनी. मग तुम्ही मला दहापैकी आठ दिलेत.”

“आणि तिला?”

“तिचा यायचा आहे म्हणालात. तिने दुसरा केला. वाकडा होता. तिला सात दिलेत.”

“कडा नीट चिकटल्या नव्हत्या तुमच्या,” बाई म्हणाल्या. हा त्यांचा जुना कायदा. गृहपाठ ज्याने केला, गुण त्याचे. आईने केला तर आईचे, मामाने केला तर मामाचे. रागावणं नाही, शिक्षा नाही. मुलाच्या नावापुढे फक्त ‘यायचा आहे’. गावातल्या कितीतरी आयाबापांना बाईंनी अशी सातवी पुन्हा करायला लावली होती.

अशा मजेत दिवस चालले होते. डॉक्टरांनी तपासलं, मान डोलावली, पुढच्या सोमवारपासून शाळेत जायला हरकत नाही म्हणाले. मुख्याध्यापिकांनी सातवीचा वर्ग तळमजल्यावर आणला. बाईंनी त्याचेही आभार मानून टाकले, डॉक्टरांचे वेगळे आणि देवाचे वेगळे. आता वर्गात जायचं, खडू घ्यायचा आणि ते अर्धवट राहिलेलं वर्तुळ पुरं करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. नवऱ्याने ही बातमी ऐकून एक भिंग पुसलं, मग तेच परत पुसलं.

रविवारी संध्याकाळी मागच्या खोलीत चहा झाला. सासूबाई खाली आल्या होत्या. इलेक्ट्रिशियन असलेला धाकटा भाऊ आला होता. चित्रकलेचे सर मुख्याध्यापिकांचा निरोप घेऊन आले होते. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी येणार की नाही ते शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर सातवी या वर्षापुरती दुसऱ्यांकडे जाईल. बाई उत्तर देणार एवढ्यात सासूबाईंनी आपल्या लग्नाची गोष्ट काढली. ही गोष्ट घरात सगळ्यांना येत होती.

“त्या वर्षी काय थंडी होती,” सासूबाई म्हणाल्या. “वऱ्हाडी नुसते काकडत होते.”

“आई, तुमचं लग्न भर उन्हाळ्यात झालं,” बाई म्हणाल्या. “मागच्या वेळी दोन माणसं उन्हाने चक्कर येऊन पडली होती.”

एरवी यावर सासूबाईंनी कंबर कसली असती. आज त्यांनी कप खाली ठेवला आणि तोंडावर हात घेतला. “अगं, गप्प बस. चुका काढू नकोस. मी देवाला शब्द दिलाय.”

“कसला शब्द?”

“तू आत होतीस, ते लोक कोणाला काही सांगत नव्हते. मी म्हटलं, हिला वाचव, ही परत कोणाच्या चुका काढणार नाही.”

“मी काढणार नाही?”

“तूच. माझ्या चुका मी कशाला काढू?”

बाई आ वासून बघत राहिल्या, आणि मग खो खो हसत सुटल्या. “आई, माझ्या नावाने परस्पर?”

तेवढ्यात भाऊ खुर्चीत चुळबुळायला लागला. “ताई, आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मीही एक दिलाय. तू बुद्धिबळ सोडशील असा.”

“देवाला माझं बुद्धिबळ कशाला हवंय?”

“त्याला नसेल. पण तेव्हा दुसरं काही सुचेना. म्हटलं, ताईला काय प्रिय आहे? मला हरवणं.”

“आणि त्यात तुझा काही फायदा नाही.”

“आता ओघाने थोडा होतो, त्याला मी काय करू?”

चित्रकलेच्या सरांनी घसा साफ केला. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. सर भिडस्त माणूस. “मी फार काही मोठं नव्हतं कबूल केलं,” ते म्हणाले. “एवढंच, की बाई बऱ्या झाल्या तर शुक्रवारचा चित्रकलेचा तास परत देतील.”

हा तास बाईंनी अभ्यासक्रम मागे पडलाय म्हणून एकदा उसना घेतला होता. त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. सातवीतली मुलं चित्रकलेचा तास म्हणजे शुक्रवारचा भूमितीचा तास असं समजून वाढत.

बाई हसता हसता उशीवर रेलल्या. इतक्या माणसांनी आपल्यासाठी देवाचं दार वाजवलं, आणि प्रत्येकाने जाताना आपल्याच घरातलं सामान उचलून नेलं, हे त्यांना इतकं गोड वाटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “देव तरी काय म्हणाला असेल,” त्या म्हणाल्या. “सगळे माझंच घेऊन येतायत, ही बाई उठली तर हिच्याकडे उरणार काय?”

सगळे हसले. चष्मेवाले हसले नाहीत. ते उठले आणि बाहेरच्या काउंटरवर जाऊन, रविवारी दुकान बंद असताना, चष्मे पुसायला लागले.

बाईंना ते दिसलं. वर्गात सगळी मुलं हसत असताना एकच मूल दप्तरात तोंड घालतं, तेव्हा काय समजायचं हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाई तक्त्याजवळच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, “अहो, तुमचा राहिला.”

“काय?”

“शब्द.”

चष्मेवाल्यांनी हातातला चष्मा स्वतःच्याच डोळ्यांवर चढवला, काढला, परत पेटीत ठेवला. “मी शाळा दिली,” ते म्हणाले.

बाईंना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. पण आलं होतं.

“दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो,” चष्मेवाले म्हणाले. “आई काहीतरी पुटपुटत होती, तुझा भाऊ भिंतीला डोकं टेकून होता. मला वाटलं, बारीकसारीक काही दिलं तर तो घेणार नाही. म्हटलं, हिला सगळ्यांत प्रिय काय आहे ते देतो. ही परत फळ्यासमोर उभी राहणार नाही. हिला सोड.”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. नवऱ्यावर रागवावं असं त्यांना वाटलं, पण रागाला बंदी होती, आणि खरं सांगायचं तर रागही येत नव्हता. भरल्या व्हरांड्यात उभा राहून आपल्या बायकोला सगळ्यांत प्रिय काय ते ज्याला अचूक सांगता येतं, त्या माणसावर कसं रागवायचं?

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू खुशीत होतीस.”

बाईंनी देवाशी बोलून बघितलं. या वेळी आभार नव्हते, शंका होती. शब्द मी दिला नाही, हे खरं. पण जीव मला मिळाला. मिळाला तो घ्यायचा, आणि त्याबदली कबूल केलेलं द्यायची वेळ आली की मी नव्हते तिथे म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रामाणिकपणा शिकवला आणि स्वतःची वेळ आली तेव्हा पळवाट शोधली, असं होऊ नये. देवाने उत्तर दिलं नाही. पैकीच्या पैकी गुण मिळाल्यावर मुलं जशी एकदम गप्प होतात तसा तो गप्प होता.

मग बाई कबूल केलेलं देऊ लागल्या. लहानापासून सुरुवात केली. सासूबाईंच्या चुका काढणं थांबवलं. सासूबाईंच्या लग्नात पहिल्या दिवशी थंडी पडली, दुसऱ्या दिवशी गारा पडल्या आणि नंतर नवऱ्याकडची मंडळी पुरातून होडीने आली. बाई नुसत्या “हो का, आई” म्हणत राहिल्या. गोष्ट होडीपर्यंत गेल्यावर सासूबाईंनाच कसंतरी व्हायला लागलं. त्या मध्येच थांबून सुनेच्या तोंडाकडे बघत आणि कोणी अडवत नाही म्हणून गोष्ट तिथेच सोडून देत. भाऊ पट मांडून बसला, बाईंनी मान हलवली. भाऊ एकटाच दोन्ही बाजूंनी खेळला आणि हरला.

शाळेचं राहिलं. तिथे बाईंचा हात अडकत होता. त्या रोज ठरवत की आज कळवू, आणि रोज काहीतरी निघे. खुर्चीत बसून त्या गिऱ्हाइकांना अक्षरं उलटी वाचायला लावत, पण आता उचकी लागण्याइतकं हसू येत नव्हतं. आणि चष्मेवाले गुणगुणायचे थांबले होते.

शुक्रवारी त्या म्हणाल्या, “उद्या शाळेत जाऊन सांगून येते. निरोपाने सांगणं बरं दिसत नाही.”

“मी येऊ?”

“नको. तुम्ही असलात तर मला नीट सांगता येणार नाही.”

शनिवारी सकाळची शाळा होती. बाई तळमजल्यावरच्या सातवीच्या दाराशी आल्या आणि वर्ग एकदम असा उठला की दोन बाकं आडवी झाली. मुलांनी जुन्या वर्गातला फळा उचलून इथे आणून लावला होता आणि त्यावरचं पाऊण वर्तुळ कोणालाही पुसू दिलं नव्हतं. शिकवणारे सगळे इतके दिवस त्याच्या कडेकडेने लिहीत होते. चित्रकलेच्या सरांनी एकदा ते पुरं करायचा प्रयत्न केला, त्यांना मुलांनी फळ्याजवळ फिरकू दिलं नाही.

बाईंनी टेबलाचा आधार घेतला. टेबलावर गृहपाठाचे पुठ्ठ्याचे शंकू रांगेने ठेवले होते. वाकडे, चेपलेले, डिंकाने थबथबलेले. आणि त्यांत एक शंकू असा, की टोक सुईसारखं, शिवण दिसू नये, तळ घट्ट. बाईंनी तो उचलला. आपण इथे कशाला आलो ते त्या क्षणभर विसरल्या, हात आपलं काम करू लागला.

“हा कोणाचा?”

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. “माझा, बाई.”

“केला कोणी?”

मुलीने इकडे तिकडे बघितलं. “बाबांनी. पण माझ्यासाठीच केला ना, बाई. गुण मला मिळावेत म्हणून.”

“असं नसतं गं,” बाई म्हणाल्या. “बाबांनी प्रेमाने केला, छान केला. पण तो बाबांचा. तुझा अजून—”

आणि बाई थांबल्या.

शंकू हातात तसाच. वर्ग बघतोय. बाईंच्या तोंडावर आधी काहीच दिसलं नाही, मग ओठाचा एक कोपरा वर गेला, मग दुसरा, आणि मग बाई भर वर्गात, खुर्चीत बसून, पोटावर शंकू धरून हसायला लागल्या. मुलांना काही कळलं नाही, पण बाई हसतायत म्हटल्यावर न हसायचं कारणच नव्हतं. शेजारच्या वर्गातून चित्रकलेचे सर धावत आले, त्यांना वाटलं पुन्हा छातीत कळ आली.

“सर,” बाई श्वास घेत म्हणाल्या, “संध्याकाळी चहाला या. देवाचा गृहपाठ तपासायचा आहे.”

मुख्याध्यापिकांना त्यांनी सोमवारी येते म्हणून सांगितलं, आणि शंकू मुलीच्या परवानगीने घरी नेला.

संध्याकाळी मंडळी तीच. शंकू मधल्या टेबलावर. बाईंनी आपला कायदा सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितला, जणू समोर सातवीच बसली आहे. “मी तुमच्या सगळ्यांचे आभार मानते,” त्या म्हणाल्या. “मनापासून. तुम्ही मागितलंत म्हणून मी इथे बसलेय, असं मी धरून चालते. पण गृहपाठ माझ्या नावावर लागणार नाही. मी तेव्हा काही कबूल केलं नव्हतं, मी तर वर्गाला जागा सोडू नका म्हणत होते. शब्द दिला तुम्ही. तेव्हा आई, चुका काढायच्या नाहीत त्या तुम्ही.”

“मी कुठे काढते?” सासूबाई म्हणाल्या, आणि समोरच्या बिनमिठाच्या उसळीकडे बघून पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. बाईंनी ते गिळताना बघितलं आणि मान डोलावली.

“बुद्धिबळ तू सोडायचंस.”

“ताई, पण मी तर हरतोच,” भाऊ कळवळून म्हणाला.

“मग सोडताना जड जाऊ नये.”

चित्रकलेचे सर आधीच उभे राहिले होते. “बाई, माझी अडचण वेगळी आहे. मी जे देवाला देऊ केलं ते मुळात माझंच होतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “ते माझ्याकडे अडकलं होतं. तेव्हा शब्द म्हणून नाही, पण मला आता फार बरं वाटतंय म्हणून, शुक्रवारचा तास तुम्हाला परत. शिकवा.”

सरांनी आभार मानले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. इतकी वर्षं शुक्रवारी त्या तासाला ते मागच्या अंगणात निवांत चहा पीत असत.

चष्मेवाले काउंटरपाशी उभे होते. बाईंनी त्यांना हाक मारली नाही. ते आपणहून आले.

“तुमचा शब्द जसाच्या तसा सांगा,” बाई म्हणाल्या.

“हिला सगळ्यांत प्रिय आहे ते देतो.”

“आता ‘हिला’च्या जागी ‘मला’ घाला. आणि सोडवा.”

चष्मेवाल्यांनी फार वेळ लावला नाही. त्यांनी तक्त्याजवळच्या खुर्चीकडे बघितलं. उशी अजून तिथेच होती, मधोमध दबलेली.

“एक सांगू का,” ते म्हणाले. “शब्द दिला तो भीतीने. भीती तर डॉक्टर बाहेर येऊन हसल्याबरोबर गेली. नंतर धरून बसलो तो लोभाने. दुपारी वर बघावं तर तू असायचीस. मला वाटलं, देवाच्या नावावर हे असंच चालू राहील.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊ शंकूकडे बघायला लागला.

“गुणगुणायचात तुम्ही,” बाई म्हणाल्या.

“होय का?”

“बेसूर.”

“मग सोमवारी किती वाजता निघायचं आहे?” चष्मेवाले म्हणाले, आणि जाऊन बाईंचा चष्मा पुसायला घेतला. दोन्ही बाजूंनी, नीट, उजेडाला धरून.

सोमवारी बाईंनी फळ्यावरच्या पाऊण वर्तुळाला उरलेला पाव जोडला. सांधा दिसत होता. मुलांनी तरीही टाळ्या वाजवल्या. देवाला दिलेले गुण बाईंनी कमी केले नाहीत, स्वतःचा अर्धा कापला.

राहता राहिलं, कोणी किती दिलं ते. सासूबाईंनी आठवडा काढला, मग एका दुपारी उसळीला बघून त्यांचा बांध फुटला. देवाला थोडं थोडं देईन म्हणाल्या. भावाने बुद्धिबळ सोडलं ते सोडलंच, आता तो सासूबाईंशी पत्ते खेळून हरतो. सरांनी अंगणातला निवांत चहा देवाला दिला, शिवाय शुक्रवारी सातवीच्या मुलांना झाड काढायला शिकवताना त्यांचा घाम निघतो तो वेगळा. बाईंकडून कोणी काही मागितलं नव्हतं, तरी त्या रोज दात घासताना काहीतरी देतात, तोंडात फेस असतानाच.

पुरतं दिलं ते चष्मेवाल्यांनी. सगळ्या दुपारी, एका दमात, घासाघीस न करता. खुर्ची मात्र त्यांनी हलवली नाही. परवा पोस्टमास्तर तिच्यात बसायला गेले, तेव्हा ते म्हणाले, “तिथे नको. ती सुट्टीच्या दिवसांची आहे.” देवाने यावर अजून तरी हरकत घेतलेली नाही.